उन्हाचा काही संबंध नाही

न्यामिझीनं सँडल काढली ती केवळ पट्टा टाचेला घासत होता म्हणून. एरवी त्या खोलीत तिच्या पायांचं काही काम नव्हतं. तपासणीच्या उंच टेबलावर तिची धाकटी बहीण कबुला डोळे मिटून बसली होती आणि डॉक्टर रुताशोब्या तिच्या डाव्या कानाच्या पाळीवर उठलेल्या खरखरीत पुटकुळीवर गार वाफेची बारीक धार धरत होते. कबुला जन्मली तीच बिनरंगाची. केस वाळल्या गवतासारखे, कातडी गुलाबी-पांढरी, डोळे उजेडात न ठरणारे. ऊन तिच्या कानांवर, मानेवर, हातांच्या पाठीवर जे काही करून ठेवी ते वेळीच हुडकायला दोघी बहिणी दर तीन महिन्यांनी म्वान्झाच्या या टेकडीवरच्या इस्पितळात येत. वीस वर्षं येत होत्या. तपासणी कबुलाची व्हायची आणि बोलायचं न्यामिझीनं. कुठलं मलम लागू पडलं, कुठल्यानं आग झाली, मागच्या वेळी मानेवर जे होतं ते आता कसं आहे, सगळं तिला तोंडपाठ. कबुला शाळेत पोरींना गणित शिकवायची, चारशे पोरी तिला घाबरायच्या, पण या खोलीत ती मुकाट्यानं मान वळवायची आणि न्यामिझी म्हणेल ते ऐकायची. तर न्यामिझी स्टुलावर बसून उजवा पाय डाव्या गुडघ्यावर घेऊन टाच चोळत होती, आणि डॉक्टरांची नजर कानावरून सहज तिकडे गेली आणि तिथंच राहिली.

"टाच दाखवा बघू," ते म्हणाले.

"माझी? मी पेशंट नाही डॉक्टर. मी हिच्याबरोबर आलेय."

"ते ठाऊक आहे मला. दाखवा."

तिला मूल असतं तर डॉक्टर त्याच्या वयाचे. बुकोबाकडचे, गुळगुळीत दाढी, बोलण्यात आर्जव. ते खाली उकिडवे बसले, तिचं पाऊल त्यांनी तळहातावर घेतलं आणि दिव्याचं छोटं भिंग टाचेला लावलं. न्यामिझीला कसंतरीच झालं. तिचा पाय असा कुणी हातात धरला नव्हता. नवऱ्यानंही नाही, आणि तो जाऊन आता अकरा वर्षं झाली होती. पाय म्हणजे शिलाईयंत्राचा पाटा हलवायचा, टेकडी चढायची, त्यांच्याकडे आणखी काय बघायचं. "हा डाग किती दिवस आहे?" डॉक्टरांनी विचारलं. तिनं वाकून पाहिलं. काळसर ठिपका, सदऱ्याच्या बटणाएवढा. हो, दिसला होता कधीतरी आंघोळीला. वर्ष झालं असेल, दोन असतील. खडा टोचला असेल, कापडाचा रंग बसला असेल, असं समजून ती वजरीनं घासायची. घासून जात नव्हता हे तिच्या आत्ता ध्यानात आलं. आणि शिंपिणीच्या डोळ्यांना आणखी एक गोष्ट आत्ताच दिसली. त्याची कड सरळ नव्हती. कात्री बोथट असली की कापड जसं दातेरी कापलं जातं तशी होती, आणि एका बाजूला रंग जास्त गडद.

"तुकडा काढून तपासायला पाठवू या," डॉक्टर म्हणाले. "सोमवारी आलात तरी चालेल."

"सोमवारी मला तीस गणवेश द्यायचेत. करायचं ते आत्ताच करा."

"ताई, अगोदर काय आहे ते तरी विचार," टेबलावरून कबुला म्हणाली. तिनं डोळे उघडले होते आणि आवाजाच्या दिशेनं मान पुढे काढून बघत होती.

मग डॉक्टरांनी सांगितलं. कातडीत रंग तयार करणाऱ्या ज्या पेशी असतात त्यांचा एक कॅन्सर असतो. गोऱ्या लोकांना तो पुष्कळ होतो, पाठीवर, पोटऱ्यांवर, कारण थंड देशातली ती कातडी उन्हात भाजून निघते. आपल्याकडे त्याच्या मानानं फारच कमी. पण आपल्याकडे जेव्हा होतो तेव्हा बहुतेक तळपायाला, तळहाताला, नाहीतर नखाखाली. तिथं कुणी बघत नाही. बघतात तेव्हा उशीर झालेला असतो. "तोच आहे असं मी म्हणत नाही," ते म्हणाले, "पण नाही असंही मला नुसतं बघून म्हणता येत नाही."

न्यामिझीनं त्यांना समजावून सांगायला सुरुवात केली, जणू त्यांनीच काही चुकीचं ऐकलं होतं. "अहो, मी जन्मभर उन्हात आहे. आमच्या कापसाच्या शेतात दुपारी बारा वाजता उघड्या डोक्यानं राहिलेय. मला काही म्हणजे काही झालं नाही. ऊन बाधतं ते हिला."

"याचा उन्हाशी काही संबंध नाही, बाई."

"मग कशाशी आहे?"

"ते नीटसं कुणालाच माहीत नाही," ते म्हणाले आणि त्यांनी सुई मागवली.

टाचेला पट्टी बांधून दोघी टेकडी उतरल्या. कबुलानं एका हातानं छत्री धरली होती आणि दुसऱ्या हातानं तिचा दंड धरायला बघत होती. न्यामिझीनं तो झटकला. "लंगडी झाले नाही मी अजून." खाली डालाडालाच्या थांब्यावर नेहमीची रेटारेट होती, वाहक पोरं गाड्यांच्या दारात लोंबकळून ओरडत होती, कुणीतरी कबुलाकडे टक लावून बघत होतं आणि न्यामिझीनं त्याच्याकडे असं पाहिलं की त्यानं मान फिरवली. हे तिला अजून जमत होतं. हे तिला लहानपणापासून जमत होतं. गाडीत बसल्यावर मात्र तिच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली, आणि ती भीती नव्हती, निदान अजून तरी नव्हती. ती होती एक प्रकारची बेअब्रू. आयुष्यभर ज्याच्याशी वैर केलं तो निर्दोष निघावा तसं काहीतरी झालं होतं. ऊन तिला एखाद्या भांडखोर शेजाऱ्यासारखं ओळखीचं होतं. सकाळी कधी अंगणात येतं, कुठल्या दारातून घरात शिरतं, दुपारी किती वेळ ठाण मांडतं, कधी थकतं, सगळं तिला ठाऊक. क्वीम्बाकडच्या त्यांच्या गावात कबुला रांगायला लागली तेव्हा न्यामिझी पाच वर्षांची होती, आणि आईनं तिच्या हातात आपला अंगाला गुंडाळायचा खांगा देऊन सांगितलं होतं, ही जिथं जाईल तिथं तिच्यावर सावली धर. बाळ रांगायचं, ती कापड ताणून मागे मागे चालायची. सावली म्हणजे उभं राहायची जागा, हे तिचं ज्ञान तेव्हापासूनचं. आंब्याखाली सकाळी पश्चिमेला बसवायचं, दुपारनंतर पूर्वेला. चर्चला जाताना भिंतीच्या कडेनं. शाळेत बाकड्याची जागा खिडकीपासून तिसरी, पण फळा दिसायला हवा म्हणून पुढची; ती जागा तिनं स्वतः जाऊन मास्तरांशी भांडून मिळवली होती. पुढं शहरात आल्यावर कबुलाच्या लांब बाह्यांचे, उंच गळ्यांचे झगे तिनंच शिवले, रुंद काठाच्या टोप्या शिवल्या, कापड उजेडासमोर धरून विणीतून किती ऊन झिरपतं ते बघून घेतलं. वैरी या बाजूनं येतो म्हणून ती चाळीस वर्षं या बाजूला तोंड करून उभी होती. आणि हा डाग आला तो खालून, जमिनीकडून, जिथं ऊन कधी पोचतच नाही तिथून.

अहवाल यायला तीन आठवडे लागणार होते. तुकडा मोठ्या शहरात जाणार, तिथं कुणीतरी तो काचेवर ठेवून बघणार. न्यामिझीनं तीस गणवेश सोमवारी दिले. बाजारामागच्या गल्लीत तिचं यंत्र होतं, पत्र्याच्या छपराखाली, आणि समोर म्हाताऱ्या न्गोलोची चपला दुरुस्तीची टपरी. पाटा ती आता डाव्या पायानं हलवायची. टाके सुरुवातीला आखूड-लांब पडले, मग हात बसला. काम चालू असताना तिला काही वाटायचं नाही. यंत्र थांबलं की वाटायचं. मग ती रस्त्यावरून जाणाऱ्यांचे पाय बघत बसायची. हे तिला नवीनच लागलेलं वेड. भेगाळलेले पाय, चुन्यानं पांढरे झालेले पाय, तळ्याकाठी वाळूवर डागा मासळी पसरणाऱ्या बायकांचे खारवलेले पाय, नवऱ्या मुलींचे मेंदीनं काळे केलेले पाय. या सगळ्यांच्या तळव्यांना काय आहे ते त्यांना तरी कुठं ठाऊक होतं. तिला कबुलाच्या अंगाचा इंच न् इंच पाठ होता. उजव्या खांद्यामागचा तपकिरी ठिपका तीन वर्षांत वाढला नाही, डाव्या मनगटावरचा जळाल्याचा डाग जुना, मानेवर केसांच्या रेषेखाली दोनदा काढलेली जागा. स्वतःची पाठ तिनं कधी पाहिलीच नव्हती. तिच्या घरात आरसा होता तो झग्याचा घेर बघायचा, माणूस बघायचा नव्हे. अशी आपण एक वस्तू वापरत आलो, ती कशी आहे हेही न बघता, असं तिला वाटलं, आणि हे वाटणं इतकं विचित्र होतं की ती एकटीच हसली.

"काय झालं?" न्गोलोनं टपरीतून विचारलं.

"काही नाही. तुझे पाय दाखव."

"कशाला? लग्न करतेस काय?"

"दाखव रे. तळवे दाखव."

म्हाताऱ्यानं कुरकुरत चप्पल काढून पाय वर केला. तळवा फाटक्या टायरसारखा होता, पण डाग नव्हता. "ठीक आहेस," ती म्हणाली. "अजून वीस वर्षं गिऱ्हाइकांना फसवशील."

ते तीन आठवडे ती घरी चढ्या आवाजात बोलत होती. कबुला पाणी भरायला निघाली की ओरडायची, स्वयंपाकात मीठ कमी पडलं की ओरडायची. एका संध्याकाळी कबुलानं वह्या तपासता तपासता चष्मा काढला आणि म्हणाली, "तू घाबरलीस तर घाबर ना. मी कुणाला सांगणार नाही." न्यामिझी मक्याच्या उगालीचं पातेलं घासत होती. तिनं मान वळवली नाही. घाबरणं हे कबुलाच्या वाट्याचं काम होतं. चौघांच्या संसारात जसं एकाला पाणी, एकाला लाकडं अशी कामं वाटून दिलेली असतात तसं त्यांच्यात कधीतरी हे वाटलं गेलं होतं. कबुलानं घाबरायचं, अभ्यास करायचा, सावलीत बसायचं. न्यामिझीनं बाहेर जायचं. ती बाहेर गेली म्हणून कबुला शिकली, ही गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. सहावीत असताना तेरा वर्षांची न्यामिझी बापासमोर जाऊन उभी राहिली होती आणि म्हणाली होती, मी शाळा सोडते, शेतात येते, कबुलाला शिकू दे. बापाचे डोळे भरून आले होते. मास्तरांनी प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेसमोर तिचं नाव घेतलं होतं, आणि चर्चमध्ये फादरांनी त्याग या विषयावर बोलताना तिच्याकडे हात केला होता. कबुलाही दर वर्षी नव्या वर्गाला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगायची. न्यामिझी गल्लीतून जाताना शाळेच्या पोरी तिला 'शिकामो' म्हणून अदबीनं नमस्कार करायच्या. तिनं ही गोष्ट इतक्या वेळा ऐकली होती की ती आता तिच्या अंगाला शिवलेल्या कपड्यासारखी बसली होती. पण त्या तीन आठवड्यांत, यंत्र थांबलं की, ती गोष्ट काखेत काचायला लागली.

कारण तिला खरं काय ते आठवत होतं. दुपार आठवत होती. वर्गात कोंदट वास, पत्रा तापलेला, फळ्यावर लांबलचक भागाकार, आणि मास्तरांची छडी बाकड्या-बाकड्यांमधून पुढं सरकत येणारी. तिला तो भागाकार येत नव्हता. आकडा खाली घ्यायचा म्हणजे काय, तो खाली का येतो, हे तिला कधी कळलंच नाही. आणि खिडकीबाहेर ऊन होतं. कापूस फुटला होता, पांढऱ्या ठिपक्यांनी शेत भरून गेलं होतं आणि त्याच्यावर ऊन पसरलं होतं. पाठीवर ऊन घेऊन वाकायचं, बोंडातून कापूस ओढायचा, घामाचा ओघळ कण्यावरून खाली जायचा, दूर कुणीतरी गाणं म्हणायचं आणि ओळीनं सगळ्या बाया उचलून धरायच्या. संध्याकाळी अंगातून ऊब निघत राहायची, चुलीवरून उतरवलेल्या मडक्यासारखी. तिला ते आवडायचं. तिला ते शाळेपेक्षा, देवापेक्षा, कुणापेक्षाही जास्त आवडायचं. बापासमोर गेली तेव्हा तिनं सांगायचं ठरवलं होतं एवढंच की मला शाळा नको. वाटेत जाता जाता तिला कबुलाचं नाव सुचलं.

अहवाल आला तेव्हा कबुलानं शाळेतून रजा घेतली होती. डॉक्टर रुताशोब्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि आडवळण घेतलं नाही. "तोच आहे," ते म्हणाले. "पण पातळ आहे. एका मिलिमीटरच्या आत. म्हणजे खोल गेलेला नाही. टाचेचा तेवढा भाग आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढायचा आणि मांडीची कातडी तिथं बसवायची. जांघेत गाठी लागत नाहीत, सोनोग्राफीतही काही दिसत नाही. ही चांगली गोष्ट आहे."

"बरी होईन?"

"बहुतेक होणार. पण तपासत राहावं लागेल. दर तीन महिन्यांनी."

"माझी पुढची सगळी वर्षं दर तीन महिन्यांनी?"

"सध्या तरी."

कबुलानं मध्येच विचारलं, "एका मिलिमीटरच्या आत म्हणजे नेमका किती?" डॉक्टरांनी आकडा सांगितला. तिनं तो वहीच्या पाठीमागे लिहून घेतला, त्याखाली रेघ मारली, मग आणखी काही प्रश्न विचारले, शंभरात किती, पाच वर्षांनी किती, हे आकडे कुठल्या देशातल्या लोकांवरून काढलेत. डॉक्टर म्हणाले, बहुतेक गोऱ्या लोकांवरून, आपल्या लोकांची मोजदाद अजून फारशी कुणी केलेली नाही. "मग हे आकडे आमचे नव्हेत," कबुला म्हणाली आणि तिनं वही मिटली. न्यामिझी तिच्याकडे बघतच राहिली. या खोलीत आपल्याऐवजी कबुला बोलतेय, आणि आपण मुकाट्यानं मान वळवत बसलोय, हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिला राग यायला हवा होता तो आला नाही.

शस्त्रक्रिया झाली. कमरेपासून खाली सगळं बधिर केलेलं, त्यामुळं ती जागीच होती, आणि पडद्यापलीकडे चाललेली कुजबूज ऐकत छताचे चौकोन मोजत राहिली. नंतर सहा आठवडे पाय टेकायचा नव्हता. घर उतारावर, दोन अजस्र खडकांच्या बेचक्यात बांधलेलं. खालच्या नळावरून पाणी आणायचं तर एकशे चार पायऱ्या, आणि त्या कबुला पहाटे उन्हाआधी आणि संध्याकाळी उन्हानंतर चढायची उतरायची. ती सातो मासा तळायची तो करपायचा. मलमपट्टी बदलताना तिला दिसायचं नाही म्हणून ती नाक टाचेला लागेल इतकी खाली वाकायची. "लाल आहे, पण पू नाही," ती सांगायची. "कडेनं धरलंय. मध्ये थोडं ओलं आहे." एकदा पट्टी झाल्यावर ती म्हणाली, "आता वरचं काढ. पाठ बघू दे." न्यामिझीनं आधी नाही म्हटलं, मग काढलं. कबुलाचा श्वास तिच्या मानेपासून कमरेपर्यंत सावकाश खाली गेला, मग बोटांच्या मधली जागा, मग नखं, मग दुसरा तळवा. "तुझ्या पाठीवर एक तीळ आहे," कबुला म्हणाली, "बरोब्बर मधोमध. गोल आहे, काळजीचं काही नाही." एकोणपन्नास वर्षं तिथं तीळ होता आणि तिला कुणी सांगितलं नव्हतं.

पाचव्या आठवड्यात ती आतल्या खाटेवर पडली असताना कबुला दारात उभी राहून फोनवर बोलत होती. बुकोबाहून फोन होता. तिथल्या मिशनच्या मुलींच्या शाळेनं दोन वर्षांपूर्वी तिला मुख्याध्यापिका म्हणून बोलावलं होतं आणि तिनं नाही म्हटलं होतं. आता ती जागा पुन्हा रिकामी झाली होती. तळ्याच्या त्या अंगाला ढग असतात, पाऊस असतो, तिच्या कातडीला तर ते बरंच. तेव्हाही न्यामिझी तोंडानं म्हणाली होती, जा की, आणि ती गेली नाही म्हणून मनातून सुखावली होती. आता कबुला हळू आवाजात सांगत होती, "माझ्या बहिणीनं माझ्यासाठी शाळा सोडली होती, सिस्टर. मी तिच्यासाठी एवढं सोडू नये का?" न्यामिझीनं डोळे मिटून घेतले. जांघेत, जिथं गाठी नव्हत्या, तिथं तिला काहीतरी दुखल्यासारखं वाटलं.

सहा आठवडे झाले तेव्हा डॉक्टरांनी टेकायला परवानगी दिली, काठी घेऊन, थोडं थोडं. त्या दिवशी संध्याकाळी दोघी घराखालच्या सपाट खडकावर गेल्या. ऊन तिरकं झालं होतं. कबुला मोठ्या धोंड्याच्या सावलीत बसली, टोपी न काढता. न्यामिझी उघड्या खडकावर पाय पसरून बसली आणि दगडाची दिवसभराची ऊब तिच्या मांड्यांतून वर चढत राहिली. खाली तळं चकचकत होतं, डागा मासळीच्या होड्या निघायच्या तयारीत होत्या.

"बुकोबाला जा," ती म्हणाली.

"झालं ते बोलून."

"मी शाळा तुझ्यासाठी नाही सोडली."

कबुलानं काही ऐकूच आलं नाही असं केलं. मग म्हणाली, "औषधं घेतलीस ना दुपारची?"

"मला भागाकार येत नव्हता. लांबलचक. मास्तर मारायचे. आणि बाहेर कापूस फुटला होता. मला शेतात जायचं होतं, कबुला. मला ऊन आवडायचं. बाबांकडे जाताना वाटेत तुझं नाव सुचलं, ते घेतलं. तेवढंच."

एक करकोचा धोंड्यावर येऊन बसला आणि चोच खाजवून निघून गेला. न्यामिझी वाट बघत होती. कबुला रडेल, किंवा म्हणेल की जाऊ दे, तेव्हा तू लहान होतीस. कबुलाचा चेहरा टोपीच्या सावलीत होता, नुसती हनुवटी दिसत होती, आणि ती ताठ झाली होती.

"माझ्याकडे यायचंस," शेवटी ती म्हणाली. "मी शिकवला असता."

"तू नऊ वर्षांची होतीस."

"मला येत होता."

न्यामिझीला हसू फुटलं, आणि ते थांबवायला गेली तर जास्तच फुटलं. कबुला हसली नाही. "वीस वर्षं," ती म्हणाली, "वीस वर्षं मी दर जानेवारीत वर्गासमोर उभी राहून तुझी गोष्ट सांगते. पोरी रडतात. एक प्रोफेसर माणूस चांगला होता, त्याला मी नाही म्हटलं, का तर तू एकटी पडशील. बुकोबाला नाही म्हटलं. आणि तू शेतात गाणी म्हणत होतीस."

"हो."

"तुला लाज नाही वाटली?"

"वाटायची सुरुवातीला. मग सवय झाली. सगळेच चांगलं म्हणत होते. तुझ्यावर सावली धरली ती मात्र खरी होती. ती कुणी सांगितलं म्हणून नव्हती."

"ती मला माहीत आहे," कबुला तुटकपणे म्हणाली. "तीच नसती तर आत्ता तुला खाली ढकललं असतं."

ती उठली. छत्री उघडली, ऊन आता नावापुरतंच होतं तरी, आणि कपड्यावरची धूळ झटकली. नेहमी ती हात पुढं करायची. आज तिनं केला नाही. "पोरींना आता काय सांगू?" तिनं पाठमोरीच विचारलं.

"खरं सांग. हसतील थोड्या."

"हसतील, आणि भागाकार न येणाऱ्या दहा जणी दुसऱ्या दिवशी शाळा सोडून जातील," कबुला म्हणाली आणि पायऱ्या चढायला लागली.

न्यामिझी एकटीच राहिली. खडकाची ऊब कमी होत होती. तिला वाटलं होतं की हे बोलून झालं की हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. घट्ट विणीच्या कापडावरचा जुना टाका उसवला की जशी भोकं दिसतात तशी मनात रिकामी जागा दिसत होती, आणि ती भरायची घाई तिला आता नव्हती. बहुतेक होणार, डॉक्टर म्हणाले होते. बहुतेक हा शब्द तिच्या आयुष्यात आजवर नव्हता. ती गिऱ्हाइकालाही शुक्रवारी म्हणजे शुक्रवारीच द्यायची. आता हा शब्द घेऊन राहावं लागेल. राहीन की, तिला वाटलं. कबुला जन्मल्यापासून तो घेऊन राहिली, आणि त्यातच भागाकार शिकली.

तिनं काठी बाजूला टेकवून ठेवली आणि खडकाला हात लावून उठली. आधी बोटं टेकली, मग चवडा, मग मांडीच्या कातडीची ती नवी, मऊ, फिकट टाच. कळ सरळ गुडघ्यापर्यंत आली. ती तशीच उभी राहिली. कळ ओसरली नाही, पण टाचेनं वजन धरलं. वरून घराच्या दारातून कबुलाचा फोनवरचा आवाज ऐकू येत होता, वर्गात असतो तसा खणखणीत. राहायची जागा कुठल्या तोंडाची आहे, खिडक्यांना पडदे आहेत का, शाळेपासून चालत किती मिनिटं, वाटेवर झाडं किती, एकेक प्रश्न ती विचारत होती आणि उत्तर पुरतं मिळेपर्यंत पुढचा विचारत नव्हती. न्यामिझीनं काठी उचलली, आणि पहिल्या पायरीवर उजवा पाय ठेवला.